तातीचा ठराव

एका जंगलात एक धनुष्य राहत होतं. राहत होतं म्हणजे ऐनाच्या झाडाला लटकत होतं. फार पूर्वी कुणी शिकारी ते तिथे विसरून गेला होता. त्याची दोरी वाळवीने खाल्ली. धनुष्यही तिने चाखून पाहिलं होतं, पण ते तिला कडू लागलं, म्हणून ते शाबूत राहिलं.

मुलांनो, हे धनुष्य साधं नव्हतं. साध्या धनुष्याची टोकं दोरीकडे झुकलेली असतात. याची टोकं शेवटी वळून पुढे गेलेली होती, जणू त्याला आपल्याच दोरीचं तोंड बघायचं नव्हतं. अशा धनुष्याची एक खोड असते. दोरी काढली की ते उलट्या बाजूला वळून बसतं. पुन्हा दोरी चढवायची तर त्याला गुडघ्याखाली दाबून, दातओठ खाऊन, त्याच्या मनाविरुद्ध दुसऱ्या बाजूला वाकवावं लागतं. मगच त्याच्यात जोर येतो.

ही गोष्ट आता तुम्हाला ठाऊक झाली. जंगलात ती एक सोडून धड कुणालाच ठाऊक नव्हती.

त्या जंगलात एक बिबट्या होता. त्याला भूक लागली की तो चितळांच्या मागे पळायचा. चितळं पुढे पळायची. बहुतेक वेळा चितळं जिंकायची आणि बिबट्या धापा टाकत करवंदीच्या जाळीत बसायचा. कधीतरी बिबट्या जिंकायचा. असं पिढ्यान् पिढ्या चाललेलं होतं.

काजळी नावाची एक चितळ होती. तिच्या डोळ्यांच्या कडा काळ्याभोर होत्या, म्हणून ती काजळी. तिचं पहिलं पाडस बिबट्याने पाणवठ्यावरून नेलं. पुढे तिला दुसरं झालं. त्याचं नाव ठिपकू. ठिपकूचे पाय अजून एकमेकांत अडकत होते. त्याच्याकडे बघताना काजळीला गवत गिळवेना. शेवटी ती जंगलाच्या सभेत गेली आणि म्हणाली, "झाडावर एक धनुष्य आहे. ते वापरून त्या मेल्या बिबट्याचा बंदोबस्त करा. माझं एवढं पोर तरी मोठं होऊ दे."

सभेला ते पटलं. सभेला नेहमीच सगळं पटतं. प्रश्न पुढे सुरू होतात.

सभेच्या अध्यक्ष साळूआत्या होत्या. त्या साळिंदर होत्या आणि त्यांच्या पाठीवर बाण आयते उगवत. ज्याचे बाण, त्याचं अध्यक्षपद, असा तिथला नियम होता. बाण सोडायचं काम हुपरेमास्तरांकडे आलं. ते वानर होते आणि धनुष्य धरता येईल असे हात दुसऱ्या कुणाला नव्हते. ताकदीचं काम अण्णा अस्वलांनी मागून घेतलं. राहिली दोरी. ती कशाची करावी हे ठरवण्यासाठी या तिघांची एक समिती नेमली गेली. काजळीलाही समितीत घेतलं, कारण त्रास तिला होता. तिने मागे बसावं आणि विचारल्याशिवाय बोलू नये, असं ठरलं. तिला कुणी काही विचारलं नाही.

पहिली दोरी अंबाडीची झाली. सशांनी अंबाडी ओढ्यात कुजवली, तिचे धागे सोडवले आणि मांडीवर वळले. सशांच्या मांड्या लहान असल्यामुळे दोरीला गाठी फार आल्या. दोरीला मेण चोळावं लागतं, असं मास्तरांनी सांगितलं. मेण आणायला अण्णा अस्वल स्वतः गेले. ते बऱ्याच वेळाने आले. त्यांचे ओठ चकचकीत होते आणि मेण मिळालं नाही असं ते म्हणाले.

मग अण्णांनी धनुष्य हातात घेतलं. ते एका बाजूला वळलेलं होतंच. अण्णांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी सरळ बांधून टाकली. कष्ट असे पडलेच नाहीत. सगळ्यांना वाटलं, ताकद असावी तर अशी.

काजळीच्या मनात एक शंका आली. तिच्या आजीने झुडपाआडून कधीतरी एका शिकाऱ्याला पाहिलं होतं. तो म्हणे धनुष्यावर गुडघा रोवून घामाघूम व्हायचा. तिने भीत भीत तसं विचारलं.

"ताई," अण्णा म्हणाले, "ज्यांना ताकद कमी असते ते गुडघा लावतात."

साळूआत्यांनीही तिला जवळ बोलावून समजावलं. "काजळे, आपली समिती दोरीची आहे. धनुष्याबद्दल काही म्हणायचं असेल तर त्याची समिती वेगळी नेमावी लागेल. मग दोरीचं राहून जाईल. ते तुला चालायचं नाही."

काजळीला ते खरंच चालण्यासारखं नव्हतं. ती परत मागे जाऊन बसली.

चाचणीसाठी एका वारुळावर बिबट्याचं तोंड कोरलं होतं. हुपरेमास्तर ऐटीत उभे राहिले. त्यांनी दोरी कानापर्यंत ओढली, एक डोळा मिटला आणि बाण सोडला. बाण बेडकाच्या उडीइतका गेला आणि आडवा झाला. वारुळातून वाळवी बाहेर आली, तिने बाणाकडे बघितलं आणि ती परत आत गेली.

आता दोष कुणाचा? धनुष्य एकच होतं. मास्तरही एकच होते आणि ते समोर उभे होते. दोऱ्या मात्र पुष्कळ मिळण्यासारख्या होत्या. म्हणून दोष दोरीचा ठरला.

दुसरी दोरी टसर रेशमाची झाली. ऐनाच्या पानांमागचे कोष गोळा केले. दोरी इतकी सुंदर झाली की साळूआत्या ती गळ्यात घालून ओढ्यावर जाऊन आल्या. अण्णांनी ती पहिल्यासारखीच चढवली. बाण हुपरेमास्तरांच्या पायावर पडला. मास्तर तीन दिवस लंगडले. तेही त्यांनी दोरीच्या खाती टाकलं.

मग मास्तरांना आठवलं की पूर्वीचे लोक मूर्वा नावाच्या वनस्पतीची दोरी करत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मूर्वाच हवी, असं ठरलं. मूर्वा कशी दिसते ते कुणालाच माहीत नव्हतं. ससे एक पाला घेऊन आले, मोर दुसरा आणि खारी तिसरा. प्रत्येकाची मूर्वा खरी होती. त्यावरून भांडण होऊन समितीचं काम काही काळ थांबलं. त्या काळात बिबट्याने एक चितळ नेलं. समितीने दुःख व्यक्त केलं.

त्यानंतर एका कावळ्याने नायलॉनची निळी दोरी आणून दिली. धरणाकाठी सहलीला येणारी माणसं तंबू बांधून जातात, तिथली ती होती. दोरी मजबूत होती. पाण्यात भिजत नव्हती आणि कुजतही नव्हती. हुपरेमास्तरांनी ती उन्हात धरून बराच वेळ पाहिली. मग ते म्हणाले, "जी वस्तू कुजत नाही ती आपल्या जंगलाची नाही." आणि दोरी परत गेली. तिची चाचणी घेतली गेली नाही. घेतली असती तरी तीच गत झाली असती, पण कावळ्याचं मन राहिलं असतं. तो पुढे सभेत आला नाही.

यानंतरच्या बैठकीत मास्तरांनी तातीचा विषय काढला.

तात म्हणजे जनावराच्या अंगातली चिवट शीर. ती सुकवतात, तिचे धागे काढतात आणि ते पिळून दोरी करतात. मास्तर म्हणाले की असल्या वाकड्या टोकांच्या धनुष्याला पूर्वापार तातच लावतात. हे सांगताना ते आभाळाकडे बघत होते. अण्णा अस्वल आपल्या नखांकडे बघू लागले. साळूआत्यांनी अंगावरचे काटे सारखे केले. शीर कुणाची, हे कुणीच बोललं नाही. काजळी मागे बसली होती आणि ठिपकू तिच्या पोटाशी झोपला होता.

साळूआत्या म्हणाल्या की आपल्याला या विषयातलं कळत नाही, तेव्हा जाणकाराला विचारावं. मास्तरांनाही ते पटलं. मग जंगलात तातीतलं सगळ्यात जास्त कुणाला कळतं याचा विचार सुरू झाला. रोजच्या रोज शिरांशी ज्याचा संबंध येतो, ज्याने त्या सोडवून, ओढून, चावून पाहिल्या आहेत, असं कोण आहे? बराच विचार केला तरी उत्तर एकच निघत होतं.

बिबट्याला बोलावणं गेलं.

तो झुडपातून न येता पायवाटेने आला. ओढ्यावर तोंड धुऊन आला होता. सभेला त्याने मान लववून नमस्कार केला. सकाळपर्यंत साळूआत्या त्याला मेला म्हणत होत्या. आता त्या म्हणाल्या, "या बिबटेसाहेब, बसा." इथून पुढे आपणही तसंच म्हणू.

बिबटेसाहेबांनी आधी धनुष्य मागून घेतलं. त्यांनी पूर्वी खरे शिकारी पाहिले होते, आणि शिकाऱ्यांना दोरी चढवतानाही पाहिलं होतं. ते धनुष्याकडे खूप वेळ बघत राहिले.

"दोरी कुणी चढवली?" त्यांनी विचारलं.

"मी," अण्णा म्हणाले.

"सुरेख. अशी चढवणारा मी आजवर पाहिला नव्हता."

अण्णांची छाती फुगली. बिबटेसाहेब खोटं बोलले नव्हते. त्यांना तातीबद्दल बोलायला बोलावलं होतं, म्हणून ते पुढे तातीबद्दल बोलले.

सशाची शीर आखूड पडते, असं त्यांनी सांगितलं. ससे हसले. वानराची शीर उड्या मारून मारून ताणलेली असते. मास्तरांनी हे लगेच मान्य केलं. अस्वलाची जाड असते आणि तिला मधाचा चिकटपणा असतो. अण्णांनी सोडलेला श्वास लांबपर्यंत ऐकू गेला. साळिंदराची कशी असते ते आपल्याला सांगता येणार नाही, कारण तिथपर्यंत कुणी पोचलेलं नाही, असं म्हणून त्यांनी आत्यांना पुन्हा एकदा मान लववली.

"उरलं चितळ," ते म्हणाले. "मागच्या पायातली शीर. लांब, बारीक आणि चिवट. तिच्यासारखी दुसरी नाही. हे मी माझ्या आवडीचं सांगत नाही. हे शास्त्र आहे."

साळूआत्या न्यायी होत्या. त्यांना राहवेना. "पण बिबटेसाहेब, हे धनुष्य तुमच्यासाठीच चाललं आहे, याची तुम्हाला कल्पना असेल."

"आहे ना. म्हणूनच म्हणतो, दोरी चांगली हवी. अर्धवट लागलेला बाण घेऊन लंगडत फिरायला मला आवडणार नाही."

त्यांचा हा मोठेपणा पाहून सभेला भरून आलं. शीर काढून द्यायचं कामही त्यांनी आपणहून पत्करलं. मोबदला काही नको म्हणाले. शीर काढल्यावर जे उरेल ते उघड्यावर पडून वास सुटू नये, एवढी काळजी ते घेणार होते.

अशा रीतीने चितळांना वाचवण्यासाठी एक चितळ द्यावं, असा ठराव झाला. मागे बसलेल्या काजळीने मान वर केली, पण ठराव तोवर झालेला होता.

पहिलं नाव शिंगाडेआजोबांचं आलं. ते कळपातले सगळ्यात म्हातारे होते. नाव आलं तेव्हा ते सभेत झोपले होते. ते काहीच म्हणाले नाहीत, याचा अर्थ त्यांची तयारी आहे असा घेतला गेला. दुसऱ्या दिवशी सगळे त्यांच्या पाया पडले. आजोबांना वाटलं आज सण आहे. त्यांनी प्रत्येकाला आशीर्वाद दिला आणि बिबटेसाहेबांनाही दिला.

त्यांच्या शिरेची तात फार उत्तम झाली. बोटाने छेडली की ती गात असे. अण्णांनी ती चढवली. हुपरेमास्तरांनी बाण सोडला. बाण बेडकाच्या उडीइतका गेला.

सगळ्यांनी बिबटेसाहेबांकडे पाहिलं. ते आडवे पडले होते, कारण जेवण जड झालं होतं. "वय झालं होतं हो त्यांचं," ते म्हणाले. "शीर शिळी होती. तरणं पाहा कुणीतरी."

मग एक तरणा नर झाला. त्या तातीला पहाटेचं दव लागलं आणि ती सैल पडली. तात ओली झाली की बदलावी लागते, असं बिबटेसाहेबांनी सांगितलं. नवी तात झाली. मग पाऊस आला. पावसात तर रोजच ओल. चितळं आता एकेक करून पायवाटेने समितीकडे जात आणि बिबटेसाहेब सभेच्या जागेजवळच्या सपाट खडकावर राहायला आले, म्हणजे कामाला बरं. त्यांचं पोट खडकाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरू लागलं. पळायचं त्यांनी सोडून दिलं होतं. करवंदीच्या जाळीत जाळी विणून कोळी राहायला आले.

कळप अर्ध्याहून कमी झाला तेव्हा काजळी एका दुपारी एकटीच खडकापाशी गेली. बिबटेसाहेब जांभई देत होते. ती लांब उभी राहिली. तिने विनंती केली की पूर्वीसारखंच चालू करावं. त्यांनी भूक लागली की मागे लागावं, चितळं पळतील, सापडेल ते त्यांचं. धनुष्य नको आणि बिबट्यापासून संरक्षणही नको.

बिबटेसाहेबांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"काजळे, तुझं दुःख मला कळतं," ते म्हणाले. "पण पूर्वी मी एकटा होतो. मनाला येईल तसं वागत होतो. आता मागे समिती आहे. ठराव नसताना मी तुमच्यातल्या एकालाही हात लावू शकत नाही. आणि ठराव असताना लावल्याशिवाय राहू शकत नाही. माझ्या हातात काय आहे, सांग?"

काजळीने त्यांच्या हाताकडे पाहिलं. नखं पूर्वीएवढीच होती.

ती परत निघाली तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "ठिपकू आता नीट चालायला लागला का ग?" त्या दिवसापासून ती ठिपकूला घेऊन रोज टेकडी चढू-उतरू लागली. तो कुरकुर करायचा. गवत इथेही आहे, मग वर कशाला, असं त्याचं म्हणणं असे. काजळी म्हणायची, "चल मुकाट्याने." पाय एकमेकांत अडकायचे थांबले. मग दगड चुकवता येऊ लागले. पुढे तर तो तिच्याही आधी माथ्यावर पोचून वरून वाकुल्या दाखवू लागला.

पाऊस ओसरल्यावर समितीची मोठी बैठक भरली. इतक्या ताती होऊनही बाण बेडकाच्या उडीपुढे जात नव्हता. हुपरेमास्तर म्हणाले की आतापर्यंत आपण तरणी शीर वापरली, पण कोवळी वापरून पाहिलीच नाही. कोवळी शीर लवचीक असते. बिबटेसाहेब खडकावरून म्हणाले की ही सूचना त्यांची नाही, पण तिच्यात तथ्य आहे. कळपात तेव्हा पाडस एकच उरलं होतं.

साळूआत्यांना वाईट वाटलं. त्यांनाही पोरं होती. त्या काजळीला म्हणाल्या, "काजळे, तूच पहिल्यांदा आली होतीस ना ग आमच्याकडे? तुझ्याचसाठी तर हे सगळं उभं केलं. आता शेवटच्या घटकेला तूच मागे सरलीस, तर ज्यांनी जीव दिला त्यांना काय वाटेल?"

समितीत बसल्यापासून काजळीला पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं. तिने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. अण्णा नखांकडे बघत होते. मास्तर आभाळाकडे बघत होते. ससे सभा संपायची वाट बघत होते, कारण तात वळायचं काम त्यांच्याकडेच यायचं.

काजळीने ठिपकूच्या कानाशी तोंड नेलं आणि ती म्हणाली, "टेकडी."

ठिपकू उठला आणि पळाला. काजळी त्याच्यामागे पळाली. त्यांचं बघून कळपातली उरलेली चितळंही पळाली. ठराव मताला टाकायचा राहून गेला, आणि असं त्या सभेत पूर्वी कधी झालं नव्हतं.

बिबटेसाहेब खडकावरून उतरले. उतरायला त्यांना वेळ लागला. मग तेही पळाले. पळताना त्यांचं पोट एकीकडे आणि पाय दुसरीकडे जात होते. टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी एका पळसाला टेका दिला आणि तिथेच बसले. त्यांची धाप सभेपर्यंत ऐकू येत होती.

मुलांनो, आता नीट लक्ष द्या. बिबट्या उघड्या माळावर पाठमोरा बसलेला होता. तो हलत नव्हता. हुपरेमास्तरांच्या हातात धनुष्य होतं आणि धनुष्यावर बाण होता. याच घटकेसाठी इतके दिवस सगळा खटाटोप चालला होता.

मास्तरांनी धनुष्य उचललं.

"कुणावर?" त्यांनी विचारलं.

साळूआत्या गोंधळल्या. बिबटेसाहेब समितीचे जाणकार होते. त्यांच्यावर बाण सोडला तर पुढची तात कोण काढून देणार? उलट काजळीने सभेचा शिस्तभंग केला होता, आणि ठरत आलेला माल घेऊन ती निघून चालली होती. अण्णा अस्वल म्हणाले की नियम म्हणजे नियम. साळूआत्यांनी जड मनाने टेकडीकडे बोट दाखवलं.

मास्तरांनी ठिपकूचा नेम धरला. तो तेव्हा टेकडीच्या मध्यावर होता आणि त्याची पांढरी शेपटी अगदी स्पष्ट दिसत होती. मास्तरांचा नेम वाईट नव्हता. त्यांनी दोरी कानापर्यंत ओढली आणि बाण सोडला.

बाण बेडकाच्या उडीइतका गेला आणि आडवा झाला.

ठिपकू माथ्यावर पोचला. या वेळी त्याने वाकुल्या दाखवल्या नाहीत. तो आईबरोबर पलीकडे उतरला.

समितीने त्याच संध्याकाळी निष्कर्ष काढला. तात जुनी झाली होती. नवी असती तर बाण नक्की लागला असता. चितळांच्या कृतघ्नपणाबद्दल खेद व्यक्त करण्यात आला. मग नव्या तातीसाठी शीर कुणाची, हा प्रश्न निघाला. जंगलात आता चितळ नव्हतं. सगळ्यांनी सवयीने बिबटेसाहेबांकडे पाहिलं. ते धापा आवरून परत खडकावर आले होते आणि अण्णा अस्वलांच्या मागच्या पायाकडे बघत होते.

"मधाच्या चिकटपणाबद्दल मी बोललो होतो," ते म्हणाले. "त्यावर मी आता पुन्हा विचार केला आहे."

तिकडे काजळी आपला कळप घेऊन टेकडीपलीकडच्या जंगलात पोचली. तिथल्या ओढ्यावर एक भेकर पाणी पीत होतं. काजळीने आधी त्याला राम राम केला आणि मग विचारलं, "इथे बिबट्या आहे का हो?"

भेकर बिचारं प्रामाणिक होतं. "आहे," ते म्हणालं. "चांगला दांडगा आहे. पळावं लागतं."

"आणि धनुष्य?"

"ते काय असतं?"

काजळीने ठिपकूकडे पाहिलं. मग ती खाली वाकली आणि पोटभर पाणी प्यायली.

तात्पर्य : धनुष्याच्या दोरीला चितळाच्या मागच्या पायातली शीर हीच सर्वांत उत्तम. अंबाडी, रेशीम, मूर्वा, नायलॉन यांपैकी कशालाही तिची सर येत नाही. जाणकारांचं हे मत अगदी खरं आहे. मात्र ती शीर पायाबाहेर काढू नये. आत असतानाच ती सगळ्यात लांब जाते.